जुन्या ट्रॉलीवर गाडी चढवायची तर

आजचा विषय कॅम्परचा आहे असं कळल्यावर एका काकांनी दारातच विचारलं, "पाण्याचा का बोलेरोचा?" बरोबर आहे त्यांचं. आपल्या जळगाव-धुळ्याकडे कॅम्पर म्हटलं की एक तर लग्नातला थंड पाण्याचा जार, नाहीतर मागे हौदा असलेली बोलेरो. अमेरिकेत मात्र गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या खोलीला कॅम्पर म्हणतात. ती खोली जुनी झाली, छत गळायला लागलं, की लोक वरचं सगळं उखडतात आणि खालच्या सांगाड्यावर फळ्या ठोकून मोटार वाहायचा सपाट ट्रेलर करतात. आपल्याकडे ती खोली नाही, पण तसाच उद्योग आहे. रावेर, यावल, चोपड्याकडे केळी किंवा कपाशी वाहून थकलेली ट्रॉली घ्यायची, फाळके कापायचे आणि तिच्यावर बंद पडलेली जीप किंवा छोटा ट्रॅक्टर न्यायचा. आम्ही हे केलंय, एकदा चुकीचं आणि नंतर बरं. चुकलेलंच आधी सांगतो.

ट्रॉली दोन चाकी होती. जीप तिच्यावर रिव्हर्सने चढवली, कारण उतरवताना सोपं पडेल असं आम्हाला वाटलं. जीपचं सगळं जड सामान, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, त्यामुळे ट्रॉलीच्या शेपटाकडे गेलं. वाटेत ट्रॉली डावी-उजवी झुलत होती, तर आम्ही रस्त्याला दोष देत होतो. मुक्कामी पोचल्यावर जीप वरच असताना आमच्यातल्या एकाने हुकाची पिन काढली. दांडी ताडकन वर उसळली. वाकलेल्या पोराची हनुवटी वीतभराने वाचली. त्या दिवसानंतर आम्ही वेल्डिंगच्या आधी वही-पेन्सिल घ्यायला लागलो.

हिशेब शाळेतल्या सी-सॉचाच आहे. समजा हुकापासून एक्सलपर्यंत 3 मीटर अंतर आहे आणि गाडीचं वजन 1,200 किलो. गाडीचा गुरुत्वमध्य एक्सलच्या 30 सेंटिमीटर पुढे ठेवला, तर हुकावर 1,200 गुणिले 0.3 भागिले 3, म्हणजे 120 किलो भार येतो. तीच गाडी एक्सलच्या 30 सेंटिमीटर मागे सरकवली, की तेच 120 किलो हुकाला वर उचलतात. फरक फक्त दोन फुटांचा! हुकावर एकूण ओझ्याच्या 10 ते 15 टक्के भार असावा, असा सर्वसाधारण नियम आहे. त्यापेक्षा कमी असेल तर शेपूट झुलतं, फार जास्त असेल तर ओढणाऱ्या वाहनाची पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. मोजायचं कसं? भुईकाट्यावर जा. आधी नुसता ट्रॅक्टर तोला. मग भरलेली ट्रॉली जोडून फक्त ट्रॅक्टरची चाकं काट्यावर घ्या, ट्रॉलीची चाकं बाहेर राहू द्या. दोन आकड्यांतला फरक म्हणजे हुकावरचा भार.

चार चाकी ट्रॉलीला ही भानगड नाही, तिचं वजन तिच्याच चाकांवर राहतं. पण ती उंच असते, आणि रिव्हर्स घेताना भल्याभल्यांना घाम फोडते.

आता सांगाडा. कॅम्परचा सांगाडा मुळात हलका असतो, भिंती आणि छत मिळून त्याला ताठपणा देतात. भिंती काढल्या की तो मधे झोळी धरतो. ट्रॉलीचा चॅनल जाड असतो म्हणून आपण बिनधास्त असतो. पण बांधीव बॉडी कापली तर इथेही थोडं तसंच होतं. शिवाय केळीचं ओझं पूर्ण तळावर पसरतं, गाडीचं ओझं मात्र चार चाकांखालच्या चार ठिकाणीच येतं. त्या दोन ओळींखाली आडवे चॅनल जवळजवळ हवेत. लोखंडी फूटपट्टी आडवी धरून वाकवा, मग उभी धरून वाकवा, लगेच कळेल. जाडी तीच ठेवून खोली दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो. म्हणून दोन पट्ट्या एकावर एक चिकटवण्यापेक्षा खोल चॅनल घ्यावा. आणि मुख्य चॅनलच्या खालच्या पाकळीवर आडवं वेल्डिंग मारू नका. सगळ्यात जास्त ताण तिथेच असतो, तडा तिथूनच सुरू होतो. आमचा तिथूनच झाला होता.

रॅम्पची गोष्ट साधी आहे. तळ 90 सेंटिमीटर उंच आणि रॅम्प 180 लांब, तर चढ 30 अंशांचा. गाडीचं पोट कडेला घासणार. तळ 60 वर आणला आणि रॅम्प 240 केला, तर चढ साडेचौदा अंशांवर येतो. तळ खाली आला की गुरुत्वमध्यही खाली येतो, वळणावर ट्रॉली कलंडायची भीती कमी होते.

टायर बघताना नक्षी बघू नका, बाजूला चार आकडे असतात ते वाचा. 2219 म्हणजे 2019 सालातला 22वा आठवडा. भुसावळच्या मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत उभ्या राहिलेल्या ट्रॉलीचं रबर नक्षी शाबूत असतानाही तडकलेलं असतं.

ब्रेकचा विषय लोक टाळतात. बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतोच, सगळं ओझं एकटा ट्रॅक्टर थांबवतो. सपाटीवर चालून जातं. लळिंगच्या किंवा कन्नडच्या घाटात उतरताना मात्र मागची ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते आणि वळणावर दोघांची कात्री होते. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्यांना आमचा हात जोडून नमस्कार. आमचं मत असं, की घाट वाटेत असेल तर ट्रॉलीला ब्रेक बसवा, नाहीतर भाड्याची क्रेनगाडी बोलवा.

कायदाही ऐकून घ्या. ट्रॉलीचीही वेगळी नोंदणी असते. मोटार वाहन कायदा, 1988च्या कलम 52प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. 2019च्या दुरुस्तीने आलेल्या 182-अ कलमात अशा बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही आहेत. तेव्हा कापायच्या आधी नकाशा घेऊन आरटीओत जा, एमएच 19 असो की एमएच 18. आणि शेतीसाठी नोंदवलेल्या ट्रॉलीवर भाड्याने गाड्या वाहिल्या, तर अपघातानंतर विमावाले पहिला प्रश्न तोच विचारतील.

एका ताईंनी विचारलं, गाडी बांधायची कशी? चारही कोपऱ्यांतून, पुढे-मागे तिरके रॅचेट पट्टे लावा. नायलॉनचा दोर ताणतो, म्हणून तो नको. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकांना लाकडी ठोकळे लावा. मागे लाल दिवे आणि चकाकणारी पट्टी हवीच. मग निघा, आणि आठ-दहा किलोमीटरवर थांबा. गाडी दबून बसलेली असते, पट्टे सैल झालेले असतात, ते पुन्हा आवळा. ट्रॉलीच्या हबजवळ हात नेऊन बघा. एक हब दुसऱ्यापेक्षा जास्त तापलेला वाटला तर बेरिंग गेलंय. तिथून पुढे जाऊ नका.