‘एनर्जी ड्रिंक’ सोडताना डोके का दुखते?

वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतील रात्रपाळी असो, पर्यटन हंगामातील टॅक्सीची पहाटेची फेरी असो वा परीक्षेच्या आधीची रात्र असो. ‘एनर्जी ड्रिंक’ची बाटली आता चहाइतकी सहज हाती येते. एकीच्या दोन आणि दोनाच्या तीन कधी झाल्या, हे कळतही नाही. मग एखाद्या सोमवारी ‘आजपासून बंद’ असा निश्चय होतो आणि मंगळवारी दुपारी डोके असे ठणकू लागते की बाटली पुन्हा तोंडाला लागते. याला मनाचा दुबळेपणा म्हटले जाते. वास्तविक तो कॅफीनचा प्रताप असतो.

जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन नावाचे रसायन साचत जाते आणि त्यातून झोपेची जाणीव होते. कॅफीन या रसायनाची जागा अडवून बसते. थकवा जात नाही, त्याची वर्दी तेवढी पोहोचत नाही. रोजच असे घडू लागले की मेंदू त्या अडथळ्याशी जुळवून घेतो. कॅफीन अचानक थांबले तर ॲडिनोसिनचा प्रभाव एकदम वाढतो, मेंदूतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि डोकेदुखी, चिडचिड, ग्लानी सुरू होते. हा त्रास बहुधा १२ ते २४ तासांत उद्भवतो, पहिल्या दोन दिवसांत शिगेला पोहोचतो आणि २ ते ९ दिवसांत ओसरतो.

भारतीय अन्नसुरक्षा नियमांत ही पेये ‘कॅफीनयुक्त पेय’ म्हणून ओळखली जातात. त्यांत लिटरमागे कमाल ३०० मिलिग्रॅम, म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत ७५ मिलिग्रॅम कॅफीन चालते. दिवसाला ५०० मिलिलिटरपेक्षा अधिक पिऊ नये, तसेच मुले, गर्भवती व स्तनदा मातांसाठी हे पेय योग्य नाही, अशी सूचना वेष्टनावर असते. ती वाचतो कोण? तिसरी बाटली ही मर्यादा ओलांडते. काही पेयांत तेवढ्याच बाटलीमागे २७ ग्रॅमपर्यंत, म्हणजे सहा-सात चमचे साखरही असते.

म्हणून सवय एकदम तोडण्यापेक्षा उतरवत नेणे सोपे. तीनऐवजी चार-पाच दिवस अडीच, मग दोन, असे. पहिली कात्री संध्याकाळच्या बाटलीला लावावी. शरीरातील निम्मे कॅफीन बाहेर पडण्यास सुमारे पाच तास लागतात. सहाला प्यायलेल्या बाटलीचा अर्धा अंमल रात्री अकरालाही शिल्लक असतो. झोप बिघडते आणि सकाळी पुन्हा बाटलीच आठवते. रात्रपाळीच्या कामगाराने ती पाळीच्या पूर्वार्धातच संपवलेली बरी. चहा-कॉफीही याच हिशेबात धरावी लागते. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफीन असते, हे अनेकांना ठाऊक नसते.

पुष्कळदा थकवा म्हणून जे जाणवते ती तहान किंवा भूक असते. दहाच्या सुमारास पेज घेण्याची गोव्यातील जुनी रीत या दृष्टीने शहाणपणाची होती. उन्हात राबणाऱ्याला मीठ घातलेले कोकम सरबतही उपयोगी पडते. मद्यात ही पेये मिसळण्याचा प्रकार मात्र पहिल्याच दिवशी बंद करावा. कॅफीनमुळे नशा जाणवत नाही, पण ती उतरलेली नसते आणि माणूस दुचाकीवर बसतो.

छातीत धडधड, ठोके चुकणे किंवा चक्कर असा त्रास असेल, रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. वाहनचालकाला डुलकी येत असेल, तर गाडी सुरक्षित जागी उभी करून वीस मिनिटे झोपावे.