ऑर्ग-मोडमध्ये मथळे हलवताना

ऑर्ग-मोड ही ईमॅक्स संपादकातली साध्या मजकुरात आराखडे मांडायची सोय. खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डॉमिनिक यांनी ती २००३ मध्ये सुरू केली. ओळीच्या अगदी सुरुवातीला तारका आणि मग एक मोकळी जागा दिली की मथळा तयार होतो. जितक्या तारका, तितकी पातळी खालची.

कात्रजच्या टिपणांचा नमुना:

* कात्रज
** तलाव
*** पेशवेकालीन नळयोजना
** प्राणिसंग्रहालय
*** उच्छ्वास

'उच्छ्वास' हा नळयोजनेचा भाग, चुकून प्राणिसंग्रहालयाखाली गेलेला. त्यावर कर्सर ठेवून आल्ट आणि वरचा बाण दाबला तरी तो जागचा हलत नाही, कारण हा बाण एकाच पालकाखालच्या भावंडांतच अदलाबदल करतो. इथे कंट्रोल-सी, कंट्रोल-एक्स, कंट्रोल-डब्ल्यू या क्रमाने शाखा कापावी आणि नळयोजनेच्या ओळीखाली कंट्रोल-सी, कंट्रोल-एक्स, कंट्रोल-वायने चिकटवावी.

नेहमीच्या अडचणी:

१. आल्ट आणि डाव्या-उजव्या बाणाने फक्त तो मथळा सरकतो, पोटमथळे मागे राहतात. सगळी शाखा हलवायला सोबत शिफ्टही दाबावी.

२. मथळा होतच नाही: तारकेनंतरची जागा राहिलेली असते किंवा तारकेआधी जागा पडलेली असते.

३. मराठी कळफलक चालू असताना आज्ञा चालत नाहीत. संगणकाचा कळफलक इंग्रजीच ठेवून ईमॅक्समधलीच देवनागरी इनस्क्रिप्ट पद्धत निवडावी. कंट्रोल आणि उलट्या तिरक्या रेघेने ती चालू-बंद होते, आज्ञाही चालू राहतात.