'दिसते ना मॅडम!' : वर्गातल्या मुलांची नजर आणि आपली जबाबदारी



माझ्या दुसरीच्या वर्गात एक मुलगी होती. फळ्याकडे न बघता शेजारणीच्या वहीतून उतरवून घ्यायची. मी तिला दोन-तीनदा रागावले, जागाही बदलली. "फळा दिसतो ना?" विचारलं की म्हणायची, "दिसते ना मॅडम!" ती खोटं बोलत नव्हती. तिला फळा दिसत होता, अक्षरं दिसत नव्हती. ज्याला पहिल्यापासून अंधुकच दिसतं, त्याला इतरांना स्पष्ट दिसतं हे कळणार कसं? म्हणून मूल तक्रार करत नाही आणि आपण त्याला 'ढ' ठरवून मोकळे होतो.

घाई कशासाठी?

कधी कधी एका डोळ्याचा नंबर जास्त असतो. मग मेंदू त्या डोळ्याचं अंधुक चित्र बाजूला टाकतो आणि चांगल्या डोळ्यावर काम भागवतो. यालाच 'आळशी डोळा' म्हणतात. चष्मा आणि चांगला डोळा रोज काही वेळ झाकून ठेवणं, हे यावरचे उपचार. ते साधारण सात-आठ वर्षांच्या आत सुरू झाले तर सर्वांत जास्त उपयोग होतो. म्हणजे मुलं आपल्याकडे पहिली-दुसरीत असतात, तीच खरी वेळ!

काय बघायचं?

- फळ्याकडे बघताना डोळे बारीक करणं, मान तिरपी करणं
- वही नाकाजवळ धरणं, ओळ सुटणं
- वारंवार डोळे चोळणं, डोकं दुखणं
- डोळा तिरळा दिसणं

बाहुलीत पांढरी चमक दिसली तर मात्र वाट बघू नका, लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

वर्गात तपासणी कशी करायची?

डोळे तपासायचा तक्ता उजेडात लावा. तक्ता ज्या अंतरासाठी छापला आहे तेवढं अंतर मोजा. बहुतेक तक्त्यांना ६ मीटर, म्हणजे सुमारे २० फूट लागतात. एक डोळा तळहाताने न दाबता झाका आणि दुसऱ्याने वाचायला सांगा. मग डोळा बदला. दोन्ही डोळे एकदम तपासले तर आळशी डोळा सापडतच नाही. अक्षरओळख नसलेल्यांसाठी इंग्रजी 'ई'चा तक्ता असतो. 'ई'ची तोंडं कुठे आहेत ते मूल बोटांनी दाखवतं. कोणत्याही डोळ्याने ६/९ची ओळ जमली नाही तर पुढे पाठवा. ६/१२ म्हणजे काय? चांगल्या नजरेला जे १२ मीटरवरून दिसतं, ते या मुलाला ६ मीटरवर यावं तेव्हा दिसतं. आपण फक्त चाळणी लावतो. नंबर काढणं डॉक्टरांचं काम.

सोय आहे, पण मूल मध्येच गळतं

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. त्याचं पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा, तर अंगणवाडीत दोनदा येतं. अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून शाळकरी मुलांना मोफत चष्मेही मिळतात. नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही ठिकाणी नेत्ररोग विभाग आहेत.

मग अडतं कुठे? पथक आलं त्या दिवशी मूल गैरहजर. चिठ्ठी दप्तरातच राहिली. रोजीवर जाणाऱ्या आईबाबांची ओपीडीत जाण्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडते. चष्मा मिळाला तरी वर्गातली पोरं 'चष्मिश' म्हणतात, मग तो पेटीत जातो. माझ्या त्या विद्यार्थिनीची आई म्हणाली होती, "मॅडम, पोरीले चष्मा लागला तं पुढं लग्नाले अडचण येते." तिच्यावर चिडून काय होणार? काळजी खरी होती. मी तिला मागच्या बाकावर बसवलं, मुलीला दिसतं तेवढा धूसर मजकूर कागदावर काढून दाखवला. ती गप्प झाली आणि त्याच आठवड्यात मुलीला घेऊन दवाखान्यात गेली.

म्हणून मी हजेरीच्या वहीमागे चार रकाने आखते: तपासलं, पाठवलं, चष्मा मिळाला, रोज लावतो. चौथा रकाना भरल्याशिवाय काम झालं असं मी मानत नाही. आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हा जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातच तपासणी उरका. शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडा. एका पालकाने तीन-चार मुलांना, त्यांच्या घरच्यांना विचारून, सोबत नेलं तर बाकीच्यांची मजुरी वाचते.

पालकहो, एवढं लक्षात ठेवा

चष्म्याने नंबर वाढत नाही. वाढत्या वयात डोळ्याचा गोळा लांबतो, म्हणून मायनस नंबर वाढतो. चष्मा काढून ठेवल्याने तो थांबत नाही, मुलाचा अभ्यास तेवढा थांबतो. दरवर्षी नंबर तपासून घ्या आणि मुलांना रोज मोकळ्या उजेडात खेळू द्या.

चष्मा लावून आठवडा झाला तेव्हा ती मुलगी धावत येऊन म्हणाली, "मॅडम, आपली बसवरचं नाव मले आता दुरूनच वाचता येते!" तिला नक्कल करते म्हणून रागावले होते, ते मला आजही टोचतं. तुमच्या वर्गात शेजारच्या वहीत बघणारं कुणी असेल, तर रागावण्याआधी एकदा तक्ता लावून बघा.