लपेलतिएचा एकच ठसा

दाविदने रंगवलेला मृत मारा वाचकांच्या चांगला परिचयाचा आहे. फ्रेंच राज्यक्रांतीतल्या कन्व्हेन्शन या प्रतिनिधिसभेच्या सभागृहात त्याच्या जोडीला टांगलेले दुसरे चित्र, मिशेल लपेलतिए द सँ-फार्जोचे, मात्र बेपत्ता आहे. राज्यक्रांतीविषयी वाचताना मी वर्षानुवर्षे या दुसऱ्या चित्राभोवतीच घुटमळत आलो. आलेक्सांद्र तार्दियने त्यावरून तांब्याच्या पत्र्यावर जे कोरीवकाम केले, त्याचा एकच ज्ञात ठसा पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, आणि तोही फाटका.

लपेलतिए बडा सरदार; 1789 मध्ये सरदारवर्गाचा प्रतिनिधी म्हणून आला आणि क्रांतीला मिळाला. 1791 मध्ये नव्या दंडसंहितेचा मसुदा मांडताना देहदंड रद्द करा, असे त्यानेच सांगितले होते. जानेवारी 1793 मध्ये त्याने सोळाव्या लुईच्या मृत्यूच्या बाजूने मत दिले. 20 जानेवारीला, राजाच्या शिरच्छेदाच्या आदल्या दिवशी, पॅले-रोयालमधल्या एका खाणावळीत राजाच्या जुन्या अंगरक्षकाने, पारीने, त्याला तलवारीने भोसकले. चौदाव्या लुईचा पुतळा पाडून रिकाम्या झालेल्या चौथऱ्यावर त्याचे शव उघड्या छातीने, जखम दिसेल असे ठेवण्यात आले. ही मांडणीही दाविदचीच.

29 मार्चला दाविदने चित्र कन्व्हेन्शनला अर्पण केले. ठशात उशांवर रेललेला देह, मागे कललेले डोके आणि कुशीतली जखम आहे. 1783 साली दाविदने रंगवलेला हेक्टर असाच निजलेला आहे. फ्रेंच सरदाराला त्याने प्राचीन वीराचे शरीर दिले. वरची तलवार मात्र दाविदचा शिष्य अनातोल दव्होज याच्या दिजाँमधल्या रेखाटनात नीट पाहता येते. एका केसाला टांगलेली ती तलवार ‘जुलमी राजाला मृत्यू’ असे मत लिहिलेल्या कागदातून आरपार गेली आहे. मला यात श्रद्धांजलीइतकीच ताकीदही दिसते. असेच मत देणारे शेकडो प्रतिनिधी या चित्रासमोर बसत होते. राजाच्या बाजूचे लोक तुमच्याही जिवावर उठतील, तेव्हा आता माघार नाही, हे त्यांना रोज बजावले जात होते. चित्र कोरून घेण्यामागचा हेतूही तोच: सभागृहातली ताकीद घरोघर पोचवणे.

ती पोचली नाही. 1795 मध्ये वारे फिरले, चित्रे उतरली आणि दाविदकडे परत गेली. तो 1825 मध्ये ब्रसेल्सला वारला. पुढच्याच वर्षी लपेलतिएची मुलगी सुझान हिने चित्र विकत घेतले, एक लाख फ्रँकला असे सांगतात. बाप गेला तेव्हा ती अवघी दहा वर्षांची होती. कन्व्हेन्शनने तिला राष्ट्राची कन्या म्हणून दत्तक घेतले. मोठेपणी ती कट्टर राजनिष्ठ झाली. तिने चित्र जाळले, की सँ-फार्जोच्या गढीत भिंतीआड चिणले, यावर वाद चालूच आहेत. ठसे शोधशोधून तिने नष्ट केले, असेही म्हणतात.

कलेचे इतिहासकार तिला सहसा माफ करत नाहीत. चित्र गेल्याची हळहळ मलाही आहे. पण त्या मुलीला न विचारता तिच्या बापाचे उघडे प्रेत आधी चौकात आणि मग सभागृहात मांडले गेले. दाविदच्या मांडणीत वीर आहे, जखम आहे, मतपत्रिका आहे. बाप कुठेच नाही. सुझानने जे नाहीसे केले ते राजकीय चित्र होते, आणि ते नाहीसे करण्याचा तिचा हक्क मला दाविदच्या हक्काहून लहान वाटत नाही.