रंग वाळला, पण मुरला का?

खारघर हे पूर्वी भातशेतीचे गाव. शेजारची ओवे, मुर्बी, बेलपाडा ही गावेही तशीच. १९७० साली सिडको निघाली. पुढे नवी मुंबई वसू लागली. शेते गेली, त्या जागी रुंद रस्ते आणि उंच इमारती आल्या. पुष्कळ घरांपुढे बैलजोडीच्या जागी टेम्पो, रिक्षा नाहीतर मोटार उभी राहिली. बैलाची निगा कशी राखायची हे आपल्याला वाडवडिलांनी शिकवले होते. गाडीची निगा कोण शिकवणार? ती आपली आपणच समजून घ्यायची.

आज आपण गाडीच्या ताज्या रंगाविषयी बोलू.

समजा, तुमच्या टेम्पोला दुसरी गाडी घासून गेली. पत्रा चेपला. तुम्ही टेम्पो गॅरेजात घातला. मेस्त्रीने पत्रा ठोकून सरळ केला, लांबी भरली, घासून सारखी केली. त्यावर अस्तराचा हात दिला. मग रंग फवारला आणि वर चकाकीचा थर मारला. दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारता, "काय मेस्त्री, झाली का गाडी?" मेस्त्री बोट लावून बघतो आणि म्हणतो, "झाली की दादा. वाळली. घेऊन जावा." तुम्ही पैसे मोजता, गाडी घरी आणता.

पंधरा दिवसांनी बघता तो काय! टपावर पांढरे डाग पडलेत. दारावर दोरीचे वळ उमटलेत. तुम्ही मेस्त्रीला बोल लावता. तो म्हणतो, गाडी तुम्हीच नीट ठेवली नाही. भांडण जुंपते. पैसे मात्र तुमचे गेलेले असतात, आणि एक दिवस धंदा बुडालेला असतो तो वेगळाच.

मग मेस्त्री खोटे बोलला का? नाही. रंग वाळला होता हे खरेच. पण तो मुरला नव्हता.

घरची बाई अंगण सारवते. थोड्या वेळाने वरून कोरडे दिसते. पोर त्यावरून धावले की पाय उमटलाच! वरची साय वाळलेली असते, खाली ओल असते. गाडीच्या रंगाचेही तसेच आहे.

रंगात रंगाची पूड असते, ती धरून ठेवणारी राळ असते, आणि पातळ करायला घातलेले थिनर असते. थिनर हवेत उडून जाते. वरचे लवकर उडते, खालचे मागाहून हळूहळू वर येते. जुन्या पद्धतीच्या रंगात एवढेच घडायचे. आता बहुतेक गॅरेजात रंगात आणखी एक औषध मिसळतात. त्याला हार्डनर म्हणतात. हार्डनर पडला की राळेचे बारीक कण एकमेकांना जोडले जाऊ लागतात. कोळी जाळे विणतो तशी गाठीला गाठ पडत जाते. सगळ्या गाठी पक्क्या बसल्या म्हणजे रंग मुरला. मग त्याच्यात पाणी, पेट्रोल, ऊन सहज शिरत नाही. पण गाठी अर्ध्या पडलेल्या असताना जे वर पडेल ते आत घुसते आणि डाग कायमचा होतो.

याला किती दिवस लागतात? ते रंगावर आणि हवेवर आहे. उघड्यावर वाळवलेला रंग एका दिवसात हाताला कोरडा लागतो. पुरता मुरायला मात्र साधारण महिना धरावा. कधी दोन महिनेही लागतात. मोठ्या गॅरेजात बंद खोली असते. तिथे गाडीला साठ अंशांच्या आसपास अर्धा तास शेक देतात. त्याने काम पुष्कळ लवकर होते.

इथे कोणी विचारील, मग दुकानातून आणलेल्या कोऱ्या गाडीलाही महिनाभर जपायचे का? तिची गोष्ट वेगळी. कारखान्यात नुसता सांगाडा रंगवतात आणि भट्टीत सव्वाशे-दीडशे अंशांपर्यंत भाजतात. रंग तिथेच पक्का होऊन बाहेर पडतो. गॅरेजातल्या गाडीला तेवढी आच देता येत नाही. तिला रबर, प्लास्टिक, वायरी लागलेल्या असतात. त्या वितळतील.

आता आपल्या खारघरची हवा बघा. एका बाजूला डोंगर, दुसरीकडे पनवेलची खाडी. वारा दमट आणि खारा. जून ते सप्टेंबर तर अंगावरचा सदरा वाळत नाही. अशा दिवसांत उघड्यावर रंग मारला तर थिनर झपाट्याने उडते, पत्रा गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. रंग पांढुरका, मेलेला दिसतो. म्हणून घाई नसेल तर पावसाळ्यात उघड्यावरचे काम टाळावे. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस चांगले. अडलेच तर बंद खोलीचे गॅरेज गाठावे, चार पैसे जास्त गेले तरी.

खाऱ्या हवेची दुसरी गोष्ट अशी की रंग म्हणजे नुसती शोभा नव्हे. रंग खराब झाला, खाली पत्रा उघडा पडला की गंज चढतो. गंज एकदा लागला की तो रंगाखालून पसरत जातो. पुढच्या पासिंगच्या वेळी पुन्हा लांबी, पुन्हा रंग, पुन्हा खर्च.

गाडी घरी आणली म्हणजे पहिले एक-दोन दिवस तिला सावलीत, वारा खेळेल अशा जागी ठेवा. भर दुपारच्या उन्हात नको. वरची साय एकदम धरते आणि आतले थिनर फोड काढून बाहेर येते. झाडाखालीही नको. आंब्याचा चीक अंगावर पडला तर काय होते हे तुम्हाला सांगायला नको! झाडाचा चीक रंगालाही सोडत नाही. आणि झाड म्हटले की पाखरे आलीच. पाखरांची विष्ठा आंबट, तिखट. उन्हात रंग मऊ पडतो, रात्री आक्रसतो, आणि विष्ठेचा ठसा घेऊन बसतो. दिसली की लगेच स्वच्छ पाण्याने भिजवा. वर ओले फडके दोन मिनिटे ठेवा, मग अलगद उचला. घासू नका.

ताडपत्री घालू का, असे पुष्कळजण विचारतात. घालू नका. खाली दमट वाफ कोंडते, वरून वाऱ्याने ताडपत्री घासते. दोरीचे वळ उमटतात ते असेच.

पहिला आठवडा साबणाने धुऊ नये. आपल्याकडे बांधकामे चालू, त्यामुळे सकाळी गाडीवर धुळीचा थर असतो. कोरड्या फडक्याने झटकायची सवय फार वाईट. ती धूळ म्हणजे बारीक वाळूच. तिने रंगावर ओरखडे पडतात. गार पाणी वरून सोडावे, धूळ वाहून जाऊ द्यावी. आठवड्याने मऊ फडके आणि सौम्य साबण चालेल. जोराच्या फवाऱ्याचे पाणी महिनाभर नको. पेट्रोल, डिझेल सांडले तर तिथल्या तिथे धुवा. ब्रेकचे तेल तर मुरलेला रंगही उचलते.

आता पूजेचे. दसऱ्याला गाडी नवी दिसावी म्हणून लोक दोन दिवस आधी रंग काढतात आणि त्याच ओल्या रंगावर हळद-कुंकू लावतात, चिकटपट्टीने हार डकवतात, नारळाचे पाणी शिंपडतात. हळदीचा डाग बसतो. पट्टी काढताना रंगाचा पापुद्रा निघतो. पूजा जरूर करा. स्वस्तिक समोरच्या काचेवर काढा, हार सुतळीने पुढच्या जाळीला बांधा, नारळ चाकापुढे जमिनीवर फोडा. देव काही रागावणार नाही. आमच्या मते, महिनाभर आधी रंग काढणे सगळ्यांत उत्तम, पण दसऱ्याच्या महिनाभर आधी आमच्याकडे पाऊसच असतो. म्हणून काचेवरचे स्वस्तिक बरे.

मेण आणि पॉलिश यांचीही घाई नको. मेणाचा थर बसला की आतले थिनर कोंडते आणि चकाकी मंदावते. दुपारी गाडीजवळ गेल्यावर थिनरचा वास येत असेल तर समजावे, अजून मुरतोय.

गाडी ताब्यात घेताना मेस्त्रीला विचारा : रंगात हार्डनर होता का? शेक दिला का? कधी धुवायची, पॉलिश कधी करायचे? काही नव्या रंगांना कमी दिवस पुरतात. ते त्यालाच ठाऊक. उत्तरे आणि तारीख बिलाच्या मागे लिहून घ्या. पुढे वाद झाला तर तो कागद उपयोगी पडतो.

एक गोष्ट मेस्त्रीसाठीही आहे. हार्डनरची वाफ छातीला फार वाईट. तिने दमा जडतो. तोंडाला बांधलेला रुमाल ती वाफ अडवत नाही, त्यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो. फवारणी चालू असताना पोरांना घेऊन जवळ उभे राहू नका, आणि तिथे विडी तर मुळीच पेटवू नका. थिनर भडकते.

मागच्या काचेखाली 'आई एकवीरेची कृपा' ही रेडियमची अक्षरे लावायची असतील तर तीही महिना उलटल्यावर. आधी लावली तर खाली फोड येतात. पट्टी बसवण्याआधी जागा पाण्याने पुसून कोरडी करा, आणि एका कोपऱ्याकडून हवा काढत काढत हाताने दाबत न्या.