दुखणं थांबलं म्हणजे गाऊट गेला असं नाही

रात्री चांगला झोपलेला माणूस पहाटे दोन-तीनच्या सुमारास पायाच्या अंगठ्यातल्या ठणक्यानं जागा होतो. अंगठ्याचं मूळ लाल, गरम आणि सुजलेलं असतं. पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही. मुरगळलं असेल, काही चावलं असेल, अशी समजूत होते. मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी घेतली की काही दिवसांत सारं शांत होतं. फसगत होते ती इथेच. गाऊटचा झटका औषधाविनाही एक-दोन आठवड्यांत ओसरतो; आजार मात्र सांध्यात तसाच राहतो.

नेमकं काय होतं?

शरीरातल्या पेशींमधल्या आणि अन्नातल्या प्युरीन या घटकापासून युरिक अ‍ॅसिड तयार होतं. त्यातला सुमारे दोन तृतीयांश भाग मूत्रपिंडं लघवीवाटे बाहेर टाकतात. हे काम कमी पडलं की रक्तातली पातळी वाढते. १०० मिलिलिटरमागे ६.८ मिलिग्रॅमच्या पुढे ते विरघळून राहत नाही. सुईसारखे स्फटिक सांध्यात साचतात. पांढऱ्या पेशी त्यांच्यावर हल्ला करतात, तोच झटका. थंड भागात स्फटिक लवकर बनतात, म्हणून बहुधा अंगठ्यापासून सुरुवात होते. पुरुषांत हा आजार अधिक दिसतो. स्त्रियांत बहुतेकदा पाळी बंद झाल्यावर.

झटका कशानं येतो?

तलासरी तालुक्यातलं अच्छाड हे गुजरातच्या सीमेवरचं, मुंबई-अहमदाबाद महामार्गालगतचं गाव. या रस्त्यावरचा ट्रकचालक तासन्‌तास उष्म्यात बसतो, थांबावं लागू नये म्हणून पाणी कमी पितो आणि रात्री ढाब्यावर मटण, बिअर घेतो. शेतात किंवा वीटभट्टीवर घाम गाळून संध्याकाळी दारू पिणाऱ्याचंही तेच. पाणी कमी आणि मद्य जास्त, हा मेळ वाईट. कलेजी, गुरदा, तारली, मांदेली, सुकी मासळी आणि गोड कोल्ड्रिंक यांनीही भर पडते. डाळी, पालक मात्र बंद करण्याची गरज नाही. दूध-दही चालतं.

उपचारातल्या चुका

झटक्यात पाय उंच ठेवावा, बर्फानं शेकावं आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं औषध घ्यावं. मनानं वारंवार वेदनाशामक गोळ्या-इंजेक्शनं घेतल्यास मूत्रपिंडं खराब होतात. मग युरिक अ‍ॅसिड आणखी साचतं. झटक्याच्या वेळी तपासणीत पातळी सामान्यही येऊ शकते, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांनी ती पुन्हा करावी. उलट, त्रास नसताना केवळ आकडा वाढला म्हणून बहुतेकांना औषध लागत नाही.

केवळ पथ्यानं पातळी साधारण एका मिलिग्रॅमनंच उतरते. म्हणून वर्षात दोन किंवा अधिक झटके आले, गाठी झाल्या किंवा सांधा झिजला, तर अ‍ॅलोप्युरिनॉलसारखं औषध कमी मात्रेनं सुरू करून पातळी ६ च्या खाली आणावी लागते. सुरुवातीच्या महिन्यांत झटके येऊ शकतात, त्यासाठी जोडीला दुसरं औषध देतात. दुखलं म्हणून अ‍ॅलोप्युरिनॉल सोडू नये. अंगावर पुरळ उठलं तर मात्र ते लगेच बंद करून डॉक्टरांना दाखवावं. बरं वाटू लागलं तरी ते चालूच ठेवायचं असतं.

प्रत्येक सुजलेला सांधा गाऊटचा नसतो. ताप असेल तर सांध्यात पू झाल्याची शंका घेऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. आदिवासी भागात सिकलसेलच्या वेदनाही सांध्यात येतात. रक्तदाबाच्या व क्षयरोगाच्या काही औषधांनी युरिक अ‍ॅसिड वाढतं, पण ती स्वतःहून बंद करू नयेत.

हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार नसल्यास दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी प्यावं, वजन हळूहळू उतरवावं, उपास टाळावेत. दुखणं थांबल्यावरही तलासरी किंवा डहाणूच्या सरकारी रुग्णालयात युरिक अ‍ॅसिड आणि क्रिएटिनीन तपासून घ्यावं.