कर्करोगावरील किरणोपचार

कर्करोगाच्या गांठीस किरण दिले म्हणजे ती जाळून काढली, अशी घरोघरीं समजूत आहे; पुष्कळ लोक त्यास 'शेक देणें' असेंच म्हणतात. वस्तुतः तेथें उष्णतेचा संबंध नाहीं. एका बैठकीस बहुधा २ ग्रे इतकी मात्रा देतात. तिनें मांस अंशाच्या सहस्रांशानेंहि तापत नाहीं.

मग पेशी मरते कशानें? तिच्या केंद्रांत डी. एन. ए. नामक दुपेडी दोरी असते व तिच्या आज्ञेवरच पेशीची वाढ चालते. क्ष-किरण शरीरांत शिरले कीं अणूंतून इलेक्ट्रॉन उडवितात. हे कधीं त्या दोरीवरच आदळतात. बहुधा मात्र पेशींतील पाण्याचे रेणू फोडतात, आणि त्यांचे उपद्रवी तुकडे दोरी तोडतात. एक पेड तुटला तर पेशी दुसऱ्यावरून तो सांधून घेते. दोन्ही पेड एकाच ठिकाणीं तुटले तर दुरुस्ती कठीण होते. अशी पेशी बहुधा तत्क्षणीं न मरतां पुढें विभागूं लागली म्हणजे मरते. उपचार संपल्यावरहि गांठ कांहीं आठवडे दिसते ती यामुळेंच. आप्तांनीं घाबरूं नये.

निरोगी पेशींसहि हा मार बसतो, परंतु त्यांची डागडुजी अधिक चांगली होते. म्हणून मात्रा रोज थोडीथोडी देतात. लग्नकार्यासाठीं मध्यें दिवस चुकविणें म्हणजे रोगास सवड देणें होय!

क्ष-किरण गांठीच्या पलीकडेहि जातात. म्हणून ते अनेक दिशांनीं गांठीवर एकवटतात. प्रोटॉन मात्र वाटेंत थोडी शक्ति खर्चून मुक्कामावर उरलेली टाकतात व तेथेंच थांबतात. रॉबर्ट विल्सन यांनीं १९४६ सालीं सुचविलेला हा उपाय वाढत्या वयाच्या मुलांस विशेष हितकर आहे. खारघर येथील टाटा केंद्रांत तो २०२३ पासून मिळतो. कार्बनचे जड कण तर दोन्ही पेड जवळजवळ तोडतात, आणि गांठीच्या ज्या भागांत प्राणवायु कमी असल्यामुळें क्ष-किरण दुबळे पडतात तेथेंहि त्यांचा प्रभाव टिकतो.

गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगांत इरिडियमचा कण नळींतून गांठीजवळच नेतात. कंठग्रंथीच्या रोगांत किरणोत्सर्गी आयोडीन पाजतात. ग्रंथी तें आपण होऊन ओढून घेते. अशा रोग्यानें कांहीं दिवस मुलांपासून दूर राहावें लागतें. यंत्रानें बाहेरून किरण घेतलेल्याच्या अंगांत मात्र किरण उरत नाहींत. त्याच्या मांडीवर नातवानें खुशाल बसावें.